मोतीबिंदू : निवड रुग्णाची की बाजाराची?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. सारा व खंड यांत कपात, कर्जातून सुटका आणि शेतमजुराला निर्वाहापुरते वेतन अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे मंजूर झाला. त्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आज त्याच गावात एक साधा प्रश्न विचारावयास हवा : केळीच्या मळ्यात राबून वृद्ध झालेल्या मजूर स्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तर तिच्यापुढे कोणते मार्ग खुले आहेत?

कागदावर मार्ग पुष्कळ आहेत. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते, संस्थांच्या शिबिरांना सरकारी अनुदान मिळते, आणि ऐपत असल्यास खाजगी दवाखाना आहेच. परंतु जळगाव सुमारे पन्नास किलोमीटर दूर. तेथवरचे भाडे, सोबतीला येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि तपासणीसाठी पुन्हा घालावे लागणारे हेलपाटे यांचा हिशेब 'मोफत' या शब्दात धरलेला नसतो. मग मोतीबिंदू अजून पिकला नाही, अशी स्वतःची समजूत घालून ती अंधारात दिवस काढते.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. जाड भिंगाच्या चष्म्यापासून डोळ्यात बसविलेल्या कृत्रिम भिंगापर्यंत त्याने मजल मारली, हे यश निर्विवाद आहे. तरीही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच आढळले. म्हणजे उपाय ठाऊक असूनही माणसे आंधळी राहत आहेत. अनुदान दर शस्त्रक्रियेमागे मोजले जाते. गेलेली दृष्टी किती परत आली, हे मोजण्याची तितकी निकड कोणालाच वाटत नाही.

खाजगी दवाखान्यात निवडीचे रूप निराळे असते. तेथे भिंगांची दरपत्रिका पुढे ठेवली जाते आणि स्वस्त ते हलके, अशी भीती मनात रुजते. वस्तुस्थिती काय? पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर यंत्राची 'फेको' आणि लहान छेदाची हाताने करावयाची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याविना फेकोच्या रुग्णांना काहीसे अधिक चांगले दिसले; चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांची दृष्टी समाधानकारक ठरली. दुसरी पद्धत पुष्कळ स्वस्त आहे. हे सत्य रुग्णाला तिच्या भाषेत कोणी सांगत नसेल, तर ती निवड नव्हे, विक्री होय.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. अनुदानात प्रवासखर्च, सोबत्याची बुडीत मजुरी, पुढील तपासणी आणि चष्मा यांचा समावेश व्हावा. हृदयातील स्टेंट व गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर २०१७ मध्ये मर्यादा घातली गेली. तशीच ती भिंगांवरही घालावी. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेचे दिवस ठरवून जाहीर करावेत.

कार्यकर्त्यांनी मात्र सरकारच्या आदेशाची वाट पाहू नये. यावल-रावेरच्या वस्त्यांवर आणि सातपुड्याच्या पाड्यांवर जाऊन, कोणाच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला आहे याची यादी करावी आणि ती घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांच्या दारात बसावे. दृष्टी ही दान म्हणून स्वीकारण्याची वस्तू नाही. तो राबणाऱ्यांचा हक्क आहे.