विमान जोडताना यत्नाचार

जूनचा मध्य उलटला की कोल्हापुरात पाऊस धरतो आणि मुलांची मैदाने बंद होतात. अशा दिवसांत अलीकडे काही घरांत एक चपटे खोके येते. त्यावर विमानाचे रंगीत चित्र असते. आत मात्र विमान नसते. फोमचे पंख, धडाचे दोन भाग, शेपटीचे तुकडे, एक छोटी मोटर, तिचा पंखा, बॅटरी, रिसीव्हर आणि तारांची जुडी एवढाच ऐवज असतो. विजेवर चालणारे आणि रेडिओलहरींच्या साहाय्याने जमिनीवरून चालवता येणारे हे लहानसे विमान मुलानेच जोडायचे असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात तेव्हा एक शंका येते : एवढे पैसे घालून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी आपटून मोडली तर?

शंका रास्त आहे. पुष्कळांचे पहिले विमान मोडतेच. ते का मोडते याचा शोध घेतला, तर हाताचे कसब कमी पडले असे क्वचितच आढळते. एखादा खिळ घट्ट बसवायचा राहिलेला असतो, एखादी तार उलट जोडलेली असते, उड्डाणाच्या घाईत एखादी तपासणी टाळलेली असते. जैन घरांना या दोषाचे नाव चांगले परिचित आहे : प्रमाद. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच मूळ मानले आहे. बेसावध मनाने केलेली कृती दुसऱ्याला इजा करते, आणि म्हणून प्रत्येक हालचाल यत्नपूर्वक व्हावी, ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडते. तिचा प्रत्यक्ष अभ्यास करण्याची संधी मात्र मुलांना क्वचित मिळते. विमानाची जोडणी ही अशी एक संधी आहे.

यंत्र स्वतःच्या हातांनी उभे करण्याची ओढ कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच तयार करण्याचा ध्यास घेतला होता. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तरी बाबूरावांनी दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे शिवाजी उद्यमनगरात ज्या कारागिरांनी इंजिनांचे सुटे भाग घडवले, त्यांच्यातील अनेकांचे खरे शिक्षण यंत्र उघडून पुन्हा जोडण्यातच झाले. जेवणाच्या मेजावर विमान जोडणारा मुलगा किंवा मुलगी नकळत त्याच परंपरेत पाऊल ठेवत असते.

लहान विमानाला खेळणे म्हणून कमी लेखण्याचेही कारण नाही. 1871 मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवले. ते सुमारे 11 सेकंद हवेत राहिले. पण शेपटीच्या योग्य मांडणीने विमान आपोआप स्थिर राहू शकते, हे त्याने सिद्ध केले. त्याच पेनोच्या कल्पनेवर बेतलेले एक उडते खेळणे 1878 मध्ये राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिले होते. विजेच्या मोटरवर, रेडिओच्या नियंत्रणाखाली झालेले पहिले नोंदलेले उड्डाण त्या मानाने अलीकडचे, 30 जून 1957 चे. ते इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी केले. आज आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतही विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

आता मेजावरील सामानाकडे वळू. साधारण 90 सेंटिमीटर पंखविस्ताराच्या अशा विमानाचे वजन अर्धा ते पाऊण किलो भरते. मोटरवर 1000 केव्ही असे लिहिलेले असेल, तर एका व्होल्टला ती भाराविना मिनिटाला 1000 फेरे घेते, असा त्याचा अर्थ. तीन घटांची लिथियम पॉलिमर बॅटरी 11.1 व्होल्टची असते. म्हणजे मोटरचा वेग 11 हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. या वेगाचा पंखा बोट सहज कापतो. म्हणून पहिला नियम असा, की मेजावर कोणतीही चाचणी घेताना पंखा काढून ठेवलेला असावा. तो मैदानावर सर्वांत शेवटी बसवावा. मोटर उलट दिशेने फिरू लागली, तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा सुधारते.

सर्व्हो म्हणजे पंखांची व शेपटीची झडपे हलवणारी छोटी यंत्रे. त्यांना आधी वीज देऊन मध्यस्थितीत आणावे आणि मगच त्यांचा दांडा बसवावा. हा क्रम चुकला तर झडप एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी हलते. त्यानंतरची तपासणी सर्वांत मोलाची. रिमोटची काठी उजवीकडे नेली, की उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. काठी स्वतःकडे ओढली, की शेपटीची आडवी झडप वर उचलली गेली पाहिजे. ही दिशा उलटी राहिली, तर विमान सावरण्यासाठी मुलाने केलेला प्रत्येक प्रयत्न त्याला अधिक वेगाने जमिनीकडे नेतो. ही तपासणी करायला अर्धे मिनिट पुरते. टाळली जाते तीही याच अर्ध्या मिनिटासाठी.

शेवटी तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण एकचतुर्थांश ते तीन-दशांश अंतरावर विमानाचा भारमध्य यावा. पंख 16 सेंटिमीटर रुंद असेल, तर ही जागा 4 ते 5 सेंटिमीटरच्या दरम्यान येते. तेथे दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलावे. ते आडवे राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपटीकडे जड असलेले विमान नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. ते सावरणे अनुभवी हातांनाही कठीण जाते.

मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहायला सांगते. गृहस्थालाही तिचा अभ्यास करता येतो, आणि बॅटरी हाताळताना तर तो करावाच लागतो. लिथियमची बॅटरी घटांचा समतोल राखणाऱ्या चार्जरवरच भरावी, फरशीवर ठेवून भरावी, गादीवर किंवा कपड्यांजवळ नव्हे. आणि ती भरत असताना घरातील एका मोठ्या माणसाने जवळ थांबावे. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब 4.2 व्होल्ट असतो. बरेच दिवस ठेवायची असल्यास तो 3.8 च्या आसपास आणून ठेवावी. रिमोट आधी सुरू करावा, बॅटरी नंतर जोडावी. बंद करताना बॅटरी आधी काढावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. कोणती वस्तू कोठे व कशी टाकावी याचा विवेक सांगणारी उत्सर्ग समिती येथे आठवावी : अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकली, तर तो कचरा हाताने वेचणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

साहित्याबाबत मात्र आजचा काळ जैन घराला अनुकूल आहे. पूर्वी लाकडी सांगाडा जोडण्यासाठी जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला सरस लागे आणि पंखांवर पुष्कळदा रेशीम ताणले जाई. आज फोम, प्लास्टिकची फिल्म आणि कृत्रिम चिकटद्रव्ये ही गरज संपूर्ण भागवतात.

जोडणी पावसाळ्यात आणि उड्डाण दिवाळीनंतर, हा क्रम कोल्हापूरच्या हवामानाला साजेसा आहे आणि चातुर्मासाच्या भावनेलाही. पावसाळ्यात गवत जीवजंतूंनी भरलेले असते; आकाशाकडे पाहत त्यातून धावणे बरे नव्हे. कोरड्या दिवसांतही उतरलेले विमान आणायला जाताना ईर्या समिती स्मरून पायांखाली पाहत चालावे. पहाटेनंतरचा तासभर वारा मंद असतो. तीच वेळ चांगली. वर घार घिरट्या घालत असेल किंवा बगळ्यांचा थवा येत असेल, तर विमान सोडू नये. सोडले असल्यास उतरवून घ्यावे. पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या समाजाच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

जागेचा प्रश्न कोल्हापुरात विशेष जपून सोडवावा लागतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आतील आकाशात पूर्वपरवानगीशिवाय मानवरहित विमान उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांची मर्यादा आहे. शिवाजी विद्यापीठाचा परिसर, राजारामपुरी, उद्यमनगर ही ठिकाणे 8 किलोमीटरच्या आतच येतात. म्हणून घराजवळचे मैदान मोकळे दिसले, तरी तेथे विमान काढू नये. डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवरील नकाशा पाहून, नोंदणीविषयीच्या अटी वाचून, विमानतळापासून दूरचे माळरान निवडावे आणि शेताच्या मालकाची संमती घ्यावी. आपल्या आनंदासाठी प्रवासी विमानातील माणसांना धोका निर्माण करणे हा अहिंसेचा भंगच ठरेल.

एवढे सारे केल्यावरही विमान एखादे दिवशी पडेल. विमान समोरून येत असते तेव्हा त्याचे डावे-उजवे पाहणाऱ्याच्या उलट होते. नवशिक्याचा हात तेथे हमखास गोंधळतो. पडलेले विमान घरी आले, की ‘कोणी मोडले?’ हा प्रश्न विचारू नये. प्रतिक्रमणात आलोचना असते, म्हणजे झालेल्या दोषाचे स्वतःच केलेले निरीक्षण. त्याच रीतीने मुलाने एका वहीत तारीख, वारा, बॅटरीची स्थिती आणि पडण्याचे कारण लिहावे. वडिलांनी किंवा आईने शेजारी बसून फक्त ऐकावे. फोमचा तुटलेला पंख चिकटद्रव्याने तासाभरात सांधला जातो. रागाने बोललेल्या शब्दाने मुलाची चूक सांगण्याची सवय मोडली, तर ती सांधायला फार काळ लागतो. आणि चूक लपवायला शिकलेले मूल पुढच्या वेळी झडपांची दिशा तपासली नसतानाही तपासली म्हणून सांगते.

जी मुले आज बारा-चौदा वर्षांची आहेत, ती उद्या गाडी चालवतील, रुग्णांना औषधे देतील, कारखान्यांत यंत्रांवर उभी राहतील. तेथे अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळण्याची किंमत फोमच्या पंखापेक्षा पुष्कळ मोठी असेल. पावसाळ्यातील काही संध्याकाळी आणि घरातील मेजाचा एक कोपरा एवढ्यात ती सवय लागत असेल, तर आजी-आजोबांनी त्या चपट्या खोक्याला घरात जागा द्यावी, आणि जमल्यास तपासणीची यादी मोठ्याने वाचण्याचे काम स्वतःकडे घ्यावे.