विश्लेषण : देशात धर्मादाय संस्था नेमक्या किती? माधवनगरच्या पाट्यांपासून दिल्लीच्या आकड्यांपर्यंत

माधवनगरच्या पेठांमधून अर्धा तास फिरा आणि दिसतील त्या पाट्या वाचत चला. मंदिराचा ट्रस्ट, शिक्षण मंडळ, वाचनालय, तालीम, गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ, एखाद्या समाजाचे कार्यालय. बहुतेक पाट्यांवर नावाखाली बारीक अक्षरात ‘रजि. नं.’ लिहिलेला असतो. काही पाट्यांचा रंग उडालेला असतो, खोलीला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. कागदावर मात्र ती संस्था जिवंत असते. देशातल्या धर्मादाय क्षेत्राचा आकार किती, हा प्रश्न अडकतो तो इथेच.

देशाचा आकडा काय सांगतो?

केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने ना-नफा संस्थांची देशव्यापी मोजणी केली तेव्हा २००८ पर्यंत नोंदल्या गेलेल्या संस्थांची संख्या सुमारे ३१.७ लाख निघाली. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. सुमारे ४.८ लाख संस्था एकट्या आपल्या राज्यात, म्हणजे देशातल्या दर साडेसहा-सात संस्थांमागे एक मराठी मुलखातली. आंध्र प्रदेश (तेव्हाचा अखंड), उत्तर प्रदेश आणि केरळ आपल्या मागे.

वाढीचा वेगही पाहण्यासारखा आहे. १९७० पर्यंत देशात नोंदलेल्या संस्था जेमतेम १.४४ लाख होत्या. १९८१ ते १९९० या दशकात साडेपाच लाखांची भर पडली. १९९१ ते २००० मध्ये ११ लाखांहून अधिक, आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांतही तितकीच. उदारीकरणानंतर सरकारी योजना संस्थांमार्फत राबवल्या जाऊ लागल्या, परदेशी निधीचा ओघ वाढला, विनाअनुदानित शाळा-महाविद्यालयांचे पीक आले. या सगळ्यासाठी आधी लागतो तो नोंदणी क्रमांक.

पण याच मोजणीचा दुसरा टप्पा बातम्यांत फारसा आला नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे. सरकारी माणसे नोंदीतला पत्ता घेऊन प्रत्यक्ष भेटीला निघाली. सुमारे २२ लाख पत्त्यांवर शोध घेतला गेला आणि सापडल्या जवळपास ७ लाख संस्था. दहापैकी तीन. उरलेल्या सात संस्था पत्ता बदलून गेल्या होत्या, बंद पडल्या होत्या किंवा कागदाबाहेर कधी आल्याच नव्हत्या.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सीबीआयने सादर केलेली माहितीही याच चालीची होती. २६ राज्यांत ३१ लाखांच्या आसपास संस्था, आणि नियमितपणे हिशेब सादर करणाऱ्या दहा टक्क्यांहून कमी.

म्हणजे ‘३१ लाख’ हा आकडा जन्मनोंदीचा आहे. मृत्यूची नोंद करणारे रजिस्टर आपल्याकडे जवळपास नाहीच. इंग्लंड आणि वेल्समधील नोंदणीकृत धर्मादाय संस्था सुमारे पावणेदोन लाखांच्या आत आहेत. तिथे बंद पडलेली संस्था यादीतून काढली जाते आणि कोणत्याही संस्थेचे जमा-खर्च घरबसल्या पाहता येतात. संख्येने आपण त्यांच्या कितीतरी पुढे दिसतो, पण ती तुलना करण्यात अर्थ नाही. ते चालू संस्था मोजतात, आपण आजवर उघडलेल्या फायली मोजतो.

‘संस्था’ म्हणजे नक्की कोण?

सांगली-सातारा पट्ट्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. कारण इथे ‘संस्था’ म्हटले की पतसंस्था, दूध संस्था, सोसायटी, साखर कारखाना, शिक्षण संस्था हे सगळे एका दमात येते. ‘ते संस्थेत आहेत’ एवढे म्हटले की पुढचे सगळे समजले असे आपण धरून चालतो! कायद्याच्या नजरेत मात्र सहकारी संस्था धर्मादाय नाही. ती १९६० च्या सहकार कायद्याखाली येते, सभासदांची असते, नफा झाला तर लाभांश वाटते. धर्मादाय संस्थेत नफा वाटता येत नाही. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात असते, मालकीची नसते.

महाराष्ट्रात अशा संस्थांवर मुख्यतः दोन कायदे लागू होतात. एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दुसऱ्याच्या नावात पूर्वी ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. याच कायद्याने धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण केले. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचे कार्यालय सांगलीत आहे. शेजारच्या अनेक राज्यांत असा वेगळा आयुक्तच नाही, त्यामुळे महाराष्ट्राची नोंद मोठी दिसण्यामागे हेही एक कारण धरले पाहिजे.

गंमत अशी की इथली शिक्षण संस्था किंवा मंडळ बहुधा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेले असते. पाटीवर म्हणूनच दोन क्रमांक दिसतात. एक ‘महाराष्ट्र’ असा सुरू होणारा, दुसरा ‘एफ’ अक्षराचा. मोजणारा सावध नसेल तर एकच संस्था दोनदा मोजली जाऊ शकते. ‘ए’ अक्षर हिंदू धर्मादाय न्यासांचे, ‘ई’ जातिधर्माचा भेद नसलेल्या न्यासांचे. याखेरीज कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपन्या वेगळ्याच दप्तरात असतात. वक्फच्या मालमत्ता वक्फ मंडळाकडे. शिर्डी, पंढरपूर, प्रभादेवीचा सिद्धिविनायक यांना स्वतंत्र कायदे. कोल्हापूर, सांगलीसह या भागातली तीन हजारांहून अधिक देवळे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत. एका ठिकाणी बसून सगळे मोजता येईल अशी खिडकीच नाही.

मग यात मोठे कोण, छोटे कोण?

देशव्यापी मोजणीत सामाजिक सेवा हे उद्दिष्ट लिहिणाऱ्या संस्था सर्वाधिक होत्या, त्यानंतर शिक्षण. पण घटनापत्रात उद्दिष्टे लिहिताना आपण हात आखडता घेत नाही. वृक्षारोपणापासून संगणक प्रशिक्षणापर्यंत सगळे एका दमात लिहिले जाते. त्यामुळे या वर्गवारीवर फार विसंबू नये.

आपल्या भागापुरते बोलायचे तर चित्र असे आहे. वजनाने सर्वात मोठ्या शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाखा आज सातशेच्या घरात आहेत. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. या संस्थांचा पगार मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो, म्हणजे ‘धर्मादाय’ असूनही चालतात त्या करदात्याच्या पैशावर. दुसरा मोठा गट रुग्णालयांचा. मिरजेला वैद्यकीय नगरी केले ते डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या १८९४ मधील मिशन रुग्णालयाने, आणि ते कामही देणग्यांवर उभे राहिले होते. तिसरा गट हक्कांसाठी आणि उपजीविकेसाठी काम करणाऱ्या संस्थांचा. सांगलीची ‘संग्राम’, म्हसवडची माणदेशी ही त्यातली राज्याबाहेरही माहीत असलेली नावे. यांची संख्या मात्र फारच थोडी.

उरलेला प्रचंड पाया आहे तो मंडळे, तालमी, वाचनालये आणि देवळांचा. यांचे वार्षिक उत्पन्न काही हजारांत किंवा फार तर काही लाखांत. पगारी माणूस नाही. सचिव हाच कारकून आणि तोच शिपाई. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, तेव्हा जेवण, पाणी, कपडे घेऊन आधी पोहोचले ते हेच लोक. त्यातल्या कित्येक मंडळांची नोंदणीही नव्हती. म्हणजे सरकारी आकडेवारी एकीकडे नसलेल्या संस्था मोजते आणि दुसरीकडे असलेले काम तिला दिसत नाही.

पैसा कोठून येतो, कोठे जातो?

अशोका विद्यापीठाच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या वर्षात भारतीय कुटुंबांनी सुमारे २३,७०० कोटी रुपये दान केले. त्यातला ७० टक्के वाटा धार्मिक संस्थांना गेला. धार्मिक नसलेल्या संस्थांच्या वाट्याला पाच टक्क्यांच्या आसपास. हातावर भीक म्हणून दिलेली रक्कमसुद्धा त्याहून जास्त होती.

दुसरा झरा कंपन्यांचा. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. देशभरात ही रक्कम आता वर्षाला ३० हजार कोटींच्या घरात आहे आणि महाराष्ट्र त्यात पहिला. माधवनगरकरांनी मात्र फार हुरळून जाऊ नये. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीलाच हा नियम लागू होतो. शेजारच्या कुपवाड एमआयडीसीतील बहुतेक फाउंड्री आणि छोटे कारखाने त्यात बसत नाहीत. पैसा मुंबई-पुण्यातल्या मुख्य कार्यालयांतून सुटतो आणि ज्या संस्थेकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस आहे तिथे पोहोचतो. तालमीच्या सचिवाला ते जमणे कठीण.

परदेशी देणग्यांच्या झऱ्यावर तर अटी वाढल्या आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतील खात्यात यावी लागते, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि एका संस्थेला मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेवटच्या अटीचा फटका गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना बसला, कारण त्यांच्यापर्यंत हा पैसा मोठ्या संस्थांमार्फतच येत होता.

नियम कडक झाले, पण कोणासाठी?

विश्वस्त संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. जमीन विकायची तर आधी परवानगी. शिवाय आयकर खात्याकडची १२-ए आणि ८०-जी ही नोंदणी २०२१ पासून कायमची राहिली नाही, तिची मुदत संपते आणि नूतनीकरण करावे लागते. छोट्या संस्थांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात १२-एची मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेली, एवढा दिलासा.

हे नियम गैर नाहीत. मात्र त्यांचा भार सारखा पडत नाही. मोठ्या शिक्षण संस्थेकडे सनदी लेखापाल आणि वकील पदरी असतात. लहान वाचनालयाला लेखापरीक्षणाची फी हीच वर्षाच्या वर्गणीतून उरलेली सगळी शिल्लक. बदल अर्जाचे तर विचारू नका. एक विश्वस्त वारतो, दुसरा मुलाकडे पुण्याला जातो, तिसऱ्याशी वाद होतो. अर्ज राहून जातो. दहा-पंधरा वर्षांनी नोंदीवरचे निम्मे विश्वस्त हयात नसतात आणि बँक सांगते, खाते चालवायला अधिकृत सही कोणाची ते आणा.

अशा संस्थेच्या नावावर काही नसेल तर ती विरून जाते, कोणाचे बिघडत नाही. पण नावावर मोक्याची जागा असेल तर? मग कोर्टकज्जा सुरू होतो, किंवा एक दिवस जुन्या वाचनालयाच्या ओट्यावर गाळे उभे राहतात. निष्क्रिय संस्थांची नोंदणी रद्द करण्याची मोहीम २०१७ नंतर राज्यात राबवली गेली, ती गरजेचीच होती. परंतु नोंदणी रद्द करणे सोपे, मागे राहिलेल्या जागेचे आणि ठेवींचे काय झाले हे गावाला कळणे अवघड. माझ्या मते खरी कसोटी तिथे आहे. संस्था किती, यापेक्षा त्यांच्या नावावर काय आहे आणि ते आज कोणाच्या हातात आहे, ही यादी प्रत्येक गावात ग्रामसभेपुढे वाचली गेली पाहिजे.

सामान्य वाचकाचा याच्याशी संबंध काय?

पहिला संबंध आजारपणाचा. राज्यात चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवायच्या आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गटात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका जवळ हवी. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून घेणे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. हा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. रुग्णालयाच्या नावात ‘ट्रस्ट’, ‘फाउंडेशन’ असे काही असले तर दाखल होतानाच ‘धर्मादाय योजनेतील खाट आहे का’ हे समाजसेवा अधीक्षकांना विचारा. शिल्लक खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर असते. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

दुसरा संबंध देणगीचा. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ८०-जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. संस्थेने दिलेली साधी पावतीही आता पुरत नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून निघालेले १०-बीई प्रमाणपत्र मागावे. घाई करणाऱ्या अनोळखी क्यूआर कोडवर पैसे पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ यादीत आहे का ते पाहावे. त्या यादीत दोन लाखांहून अधिक संस्था आहेत. यादीत नाव नाही म्हणजे संस्था खोटी असे मात्र नव्हे, नोंद ऐच्छिक आहे.

तिसरा संबंध गल्लीतल्या वर्गणीचा. गणेशोत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. उत्सव संपल्यावर हिशेब देणे हाही त्याच परवानगीचा भाग आहे. वर्गणी देताना परवानगीचा कागद पाहायला मागणारे घर माधवनगरात एखादेच निघेल. पुढच्या श्रावणात पावतीपुस्तक घेऊन पोरे दारात आली की मागून पाहा. बऱ्याच मंडळांकडे तो असतो आणि ते आनंदाने दाखवतात.