पाऊस सातबारा बघून पडत नाही



परतीच्या पावसात कापून ठेवलेलं भात भिजलं, नागली-वरई आडवी झाली. मग तलाठी पंचनाम्याला येतो. खातेदाराचं शेत बघतो, लिहून घेतो. आपल्या फॉरेस्ट प्लॉटपाशी आला की विचारतो, "सातबारा आहे का?" नाही म्हटलं की वही बंद. बांधाच्या अलीकडे नुकसान, पलीकडे काहीच नाही. पाऊस तर दोन्हीकडे सारखाच पडला!

साहेब म्हणतात, अतिक्रमणवाल्याला सरकारचा पैसा कसा द्यायचा? आपण विचारू, अतिक्रमणवाला ठरवलं कोणी? वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही. कायदाच हटवू देत नाही, तर त्या जमिनीवर बुडालेलं पीक बेकायदेशीर कसं? आणि दावे वर्षानुवर्षे लटकले कुठे? कचेरीतच ना! उशीर त्यांचा, शिक्षा आपल्याला.

ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी तर गप्प बसूच नये. २०१२ च्या सुधारित नियमांत नियम १६ आहे. हक्क मान्य झालेल्यांपर्यंत सरकारी योजना पोचवणं हे राज्य सरकारचं काम आहे.

आणि रक्कम तरी किती? केंद्राच्या २०२२ च्या निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच. म्हणजे एकरी ३,४०० च्या आसपास. वर्षाचं धान्य गेलं त्याची ही किंमत. तेवढ्यासाठीही आपल्याला दाराबाहेर ठेवतात.

इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री ठाकरांच्या त्या वाडीवर दरड कोसळली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही, माणसं मेल्यावरच दिसतं.

म्हणून कागद आपणच करू. वनहक्क समितीने प्लॉटवर जायचं. कसणाऱ्याचं नाव, दावा नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान, तारीख लिहायची, फोटो काढायचे. ग्रामसभेचा ठराव जोडून तहसील कचेरीत द्यायचा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. नाही म्हणाले तर ते लेखी मागायचं. एकट्याने जाऊ नका, आख्खा पाडा घेऊन जा. बायांनी पुढे राहायचं, कारण पेरणी-लावणीत त्याच पुढे असतात.

आपण भीक मागत नाही. घाम आपला, पीक आपलं, भरपाईही आपलीच.

जिंदाबाद!