जुनी बोट दंतकथेवर घेऊ नका

लांब सफरीसाठी जुनी शिडाची बोट घेणाऱ्यांसमोर दोन नावे वारंवार येतात: ब्रिटनची ‘कॉन्टेसा ३२’ आणि कॅलिफोर्नियाची ‘वेस्टसेल ३२’. दोन्ही फायबरग्लासच्या, दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, लांबीही ३२ फूट. वजन मात्र पहिलीचे सुमारे सव्वाचार टन, दुसरीचे जवळपास दुप्पट.

दोघींमागे वादळाची कथा आहे. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला. सर्वांत लहान बोटींच्या गटातून फक्त ‘असेंट’ ही कॉन्टेसा शर्यत पूर्ण करू शकली. १९९१च्या अटलांटिक वादळात तटरक्षकांनी ‘सटोरी’ या वेस्टसेलवरची माणसे उतरवून घेतली. सोडून दिलेली ती बोट पुढे मेरीलँडच्या वाळूत जवळजवळ धडधाकट सापडली.

या कथांवर पैसे मोजणे धोक्याचे आहे. कथांतल्या त्या बोटी वेगळ्या होत्या, आणि विक्रीला असलेली ही बोट पन्नाशीला टेकलेली आहे. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा किती वर्षांपूर्वी बदलल्या? त्या जिथे जखडतात, त्या पट्ट्यांभोवती गंज आहे का? डेकवर टिचकी मारली तर पोकळ, बद्द आवाज येतो का? आत पाणी मुरून गाभा कुजला असेल, तर दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

दोन्ही सारख्याच निरोगी निघाल्या, तर बिऱ्हाड थाटून राहणाऱ्या जोडप्याने वेस्टसेल घ्यावी. तिच्यात सामान, पाणी भरपूर मावते. मंद वाऱ्यात ती रेंगाळते, ते सोसावे. वाऱ्याच्या तोंडावर चपळ चालणारी बोट हवी असेल, तर अरुंद, बुटक्या केबिनची कॉन्टेसाच बरी.