आधी धार, मग रंधा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार जातात. हा बैल आता बहुतेक जण बाजारातून आणतात. पण आपल्या सावली गावाकडच्या बऱ्याच घरांत कुणाला तरी वाटतं, यंदा बैल आपणच करावा. एखादा पाट करावा, फळी करावी. वाटलं तर जरूर करा. फक्त रंधा घेताना घाई करू नका.

पहिली गोष्ट. एकच रंधा घ्या. दुकानात चार आकाराचे रंधे दिसतील. चारही घेतले तर चारांना धार लावावी लागेल. ते होत नाही. मग चारही गंजतात आणि पैसे ट्रंकेत पडून राहतात.

कोणता घ्यावा? लोखंडी रंध्यांना नंबर असतात. चार नंबरचा साधारण साडेनऊ इंच लांब असतो. पाच नंबरचा चौदा इंच. दोघांचं पातं दोन इंच रुंद. घरात एकच ठेवायचा तर पाच नंबरचा घ्या. लांब तळामुळे फळी सरळ होते, आणि धार चांगली असली की गुळगुळीतही होते. हातात फार जड वाटला तर चार नंबरचा घ्या. लहान कामांना तो पुरतो.

लाकडी रंधा स्वस्त पडतो, हलकाही असतो. आपल्या वाढयांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच घरांची दारं केली. पण त्याचं पातं हातोडीच्या टिचकीने मागेपुढे करावं लागतं. तो हात बसायला दिवस जातात. लोखंडी रंध्याला मागे फिरवायचा स्क्रू असतो. नवशिक्याला तो सोपा.

विजेचा रंधा आत्ता नको. एका चुकीत तो फळीत खड्डा पाडून ठेवतो. बोटाचंही तसंच.

आता दुकानात काय पाहाल? सोबत स्टीलची पट्टी न्या. ती रंध्याच्या तळावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधून मोठी फट दिसली तर तो रंधा ठेवून द्या. पातं निघतं त्या तोंडाजवळ आणि दोन्ही कडांना तडा आहे का पाहा. तडा गेलेलं बीड घरी दुरुस्त होत नाही. पातं बसवून बोटाने दाबा. ते डुगडुगलं तर काम करताना थरथरेल आणि लाकडावर लाटा उठतील. पात्यावर दुसरी लोखंडी पट्टी बसते. तिचं टोक पात्याला सलग चिकटलं पाहिजे, नाहीतर मधे भुसा अडकतो.

तळ किंचित वाकडा असेल तर घाबरू नका. स्वस्त रंध्यात तेवढं असतंच. जाड काचेवर एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. तळावर पेन्सिलीने रेघा मारा. पातं थोडं आत ओढा, पण काढू नका. मग रंधा घासा. रेघा सगळीकडून पुसल्या की तळ सपाट झाला.

भंगारात जुना रंधा मिळाला तर नवीनपेक्षा चांगलाही निघू शकतो. वरवरचा गंज घासून जातो. पण पात्याच्या मागच्या बाजूला, धारेजवळ, गंजाचे खड्डे असतील तर ते पातं घेऊ नका. तिथे धार टिकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. रंध्याचे सगळे पैसे रंध्यावर घालू नका. थोडे धार लावायच्या दगडासाठी राखून ठेवा. भारी रंधा बोथट असला तर लाकूड ओरबाडतो. साधा रंधा धारदार असला तर कागदासारखी ढलपी काढतो.

धार घरीच लावा. पातं पंचवीस ते तीस अंशांच्या उतारावर, एकाच कलाने दगडावर फिरवा. मागच्या बाजूला बारीक कोर लागली की पातं उलटं करून सपाट घासा. धार अंगठ्यावर बघू नका. कागदाच्या कडेवर बघा. पातं कोरड्या फिरत्या चाकावर देऊ नका. तापून निळं पडलं की त्याचं पाणी गेलं. मग कितीही घासा, धार राहत नाही.

हत्याराची अशी निगा आपल्या सावलीला नवीन नाही. इथे खादीचं मोठं काम होतं. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं, तेव्हा गांधीजी आले होते. सूत कातणाऱ्या बाया जाणत होत्या, चात वाकडी असली की चरखा कितीही चांगला असो, सूत तुटतंच. रंध्याचं पातं म्हणजे ती चात समजा.

लाकडाचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी सागवानाला हात लावू नका. आपल्या भागाच्या सागाचं नाव मोठं आहे. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला. पण सागात वाळूसारखे बारीक कण असतात, ते धार लवकर खातात. आधी शिवणीसारख्या मऊ लाकडावर हात बसवा. जुन्या घराच्या फळ्या वापरत असाल तर चुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा धारेची वाट लावतो.

बिनपावतीचं सागवान घेऊ नका, कितीही स्वस्त देवोत. लाकूड जाईल, वर वनगुन्हा लागेल. लाकूड आगाराची पावती आणि वाहतुकीचा परवाना जपून ठेवा.

पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळा. आपल्याकडे धानाचा पाऊस पडतो. लोखंड रात्रीत लाल होतं. काम झालं की रंधा पुसा आणि शिलाई मशीनचं तेल पुसटसं लावा. खोबरेल चिकट होतं, ते नको. तळावर मेणबत्ती घासली की रंधा हलका चालतो.

दुसरं, श्रावणात दार फुगून चौकटीत अडलं की लगेच रंधा घेऊन धावू नका. ते पाणी प्यायलेलं असतं. घासतं तेवढीच जागा अगदी थोडी उतरवा. जास्त काढलं तर उन्हाळ्यात दार आक्रसेल, फट पडेल आणि त्या फटीतून विंचू घरात येईल.

काम संपलं की पातं आत ओढा आणि रंधा उंचावर ठेवा. लेकराला हात लावू द्यायचा तर शेजारी बसून, दोन्ही हात मुठींवर ठेवायला लावून.

पहिली फळी वेडीवाकडी होईल. होऊ द्या. अडलं तर गावातल्या जुन्या वाढयाकडे चहाला जा. त्याच्या रंध्याचा आवाज ऐका. सळसळ आली तर धार आहे, खरखर आली तर नाही. पोळ्याला अजून वेळ आहे. उद्या बाजारात जाल तेव्हा आधी दगड आणा.