पात्रता कोण लिहितो?

पाणबुडी कुणाकडनं घ्यायची हे दर्यावर ठरत नाही, दिल्लीत कागदावर ठरतं.

नौदल आधी लिहितं, काय पायजे. संरक्षण खरेदी परिषद मान्यता देते. मग निविदा, दोन लखोटे : एक तांत्रिक, एक किमतीचा. पहिल्यात नापास झाला त्याचा दुसरा फुटतच नाही. सहा पाणबुड्यांची निविदा २०२१ मध्ये निघाली. शेवटी दोनच उरले : जर्मन कंपनीबरोबर माझगाव डॉक, ज्याचा एक यार्ड आमच्या रायगडात न्हाव्याला आहे; आणि स्पॅनिश कंपनीबरोबर लार्सन अँड टुब्रो. बाहेरच्या हवेशिवाय पाण्याखाली राहायची यंत्रणा समुद्रात चालवून दाखवा, ही अट. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन बाद. ठीक. आत माणसं बसणार, अट कडक पायजेच.

पण दुसरी एक अट बघा. २०१२ च्या आदेशानं सरकारी खरेदीतले २० टक्के लघुउद्योगांना, त्यात ४ टक्के दलित-आदिवासींच्या उद्योगांना. २०१८ मध्ये २० चे २५ झाले, ४ चे ४ च राहिले. आणि शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रं पहिल्यापासूनच या धोरणाबाहेर! म्हणजे खुर्ची विका, फिनेल विका, हत्याराला हात लावू नका.

हे आपल्याला नवं नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतले. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली, तेच अपात्र! १८९४ मध्ये बाबांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. तेव्हा बंदूक धरायला नालायक, आता तिचा सुटा भाग विकायलाही नालायक?

कुणी म्हणेल, आपल्यातला एक कंत्राटदार झाला की झालं. झाट काय झालं? मी धक्क्यावर माल ओढतो. सगळ्यात कमी आकडावाला जिंकतो, आणि तो आकडा आमच्या हजेरीतनं कापून खाली येतो. हातमोजे मागितले की मुकादम गेट दाखवतो. मुकादम आपल्या जातीचा असला तरी गेट तेच.

म्हणून दोन्ही मागा. शस्त्रखरेदीची सूट रद्द करा. आणि पोटकंत्राट कुणाला, मजुराला हजेरी किती, हे गेटावर लावा. पाणबुडीची गुपितं आम्हाला नकोत. आमच्या पगाराचं गुपित कसलं ठेवता?

जय भीम!