आकड्याला जामीन कोण?

मार्च २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन येथे घेतलेल्या दुधाच्या नमुन्यात आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य दर लिटरमागे ०.८ पिकोक्युरी इतके आढळल्याचे तेथील संघसरकारने जाहीर केले, आणि सरकारने हस्तक्षेप करावा अशा मर्यादेहून हे प्रमाण पाच हजार पटींहून अधिक कमी असल्याची पुस्तीही त्यास जोडली. जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राचा अपघात होऊन त्या वेळी पुरते तीन आठवडेही लोटले नव्हते. महासागर ओलांडून आलेल्या वाऱ्याने आणलेले, गवतावर उतरलेले आणि गाईच्या पोटातून दुधात पोहोचलेले ते द्रव्य इतके अल्प होते की लिटरभर दुधात सरासरी चौतीस सेकंदांनी त्याचा एखादा अणू फुटत होता. उलट त्याच दुधात निसर्गतः असणाऱ्या पोटॅशियमचे चाळीस-पन्नास अणू प्रत्येक सेकंदाला फुटत होते, आणि ते तर मनुष्य दूध पिऊ लागला तेव्हापासून फुटतच आले आहेत. या खुलाशाने लोकांचे समाधान झाले की नाही हा प्रश्न निराळा. आमचा प्रश्न असा की, पन्नासांच्या कोलाहलातून अर्ध्या मिनिटात एकदा येणारा हा क्षीण स्वर आपण खरोखरच ऐकला, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार त्या प्रयोगशाळेला कोणी दिला? यंत्राने तो दिला, हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. पण यंत्र कितीही किमतीचे असले तरी ते केवळ ठोके मोजते, त्या ठोक्यांना साक्षीची योग्यता येते ती त्यांच्या मागे उभ्या असलेल्या खातेरजमेमुळे, आणि ही खातेरजमा हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

नमुना प्रयोगशाळेत येतो तेव्हा त्याबरोबर एक चिठ्ठी येते, आणि सारा व्यवहार तिच्यापासून सुरू होतो. दूध कोणत्या गोठ्यातले, कोणत्या दिवशी किती वाजता घेतले, कोणी घेतले, वाटेत ते कोणाकोणाच्या ताब्यात होते, हा तपशील तिच्यावर नसेल तर पुढचे सर्व शास्त्र व्यर्थ होय. कारण आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असल्यामुळे तारीख लिहिताना झालेली आठ दिवसांची चूक ही अंतिम निष्कर्षात दुपटीची चूक होऊन बसते. मग ते दूध मध्यभागी खोलगट अशा भांड्यात ओतून, शिशाच्या जाड भिंतींच्या आत, द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकावर बसविण्यात येते आणि तासन् तास तेथेच राहू दिले जाते. इतका वेळ का, असे विचारणाऱ्यास संख्याशास्त्राचे उत्तर आहे: शंभर ठोके मोजले तर त्यांत दहांची अनिश्चितता राहते, दहा हजार मोजले तर शंभरांची, म्हणजे पहिल्या खेपेस शेकडा दहा आणि दुसऱ्या खेपेस शेकडा एक. घाई करणारी प्रयोगशाळा खोटे बोलत नाही, पण तिच्या बोलण्याला वजन नसते.

याखेरीज दररोज सकाळी सीझियम-१३७ चा एक ठरीव उगम यंत्रासमोर ठेवून त्याचा ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा उंचवटा काल होता तेथेच आणि काल होता तेवढाच उमटतो की नाही, हे आलेखवहीत नोंदवावे लागते. काहीही द्रव्य नसलेला कोरा नमुना मोजून भांड्याला वा शिशाला काही चिकटलेले नाही याची खात्री करून घ्यावी लागते. एकाच दुधाचे दोन भाग करून दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावे लागतात. आणि ज्यात किती द्रव्य घातले आहे हे बाहेरच्याच कोणास ठाऊक आहे असा गुप्त नमुना, इतर नमुन्यांसारखेच लेबल लावून, त्यांच्यात बेमालूम मिसळावा लागतो. वाण्याच्या दुकानातील वजनावर सरकारी शिक्का आहे की नाही हे पाहणारा ग्राहक वाण्याला चोर ठरवीत नाही. तो फक्त वाण्याने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला मान्य करीत नाही. पोटॅशियमचा उल्लेख वर आलाच आहे. दुधाच्या मोजणीत तो आयता पहारेकरी ठरतो, कारण ज्या नमुन्यात पोटॅशियम नेहमीइतके दिसत नाही तो नमुना एक तर दुधाचा नाही किंवा तो नीट मोजला गेलेला नाही. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पार्श्वभूमीचे ठोके वजा केल्यावर कधी कधी उत्तर उणे येते. उणे किरणोत्सार म्हणजे काय, असे वाटून त्या जागी शून्य मांडणारा कारकून मोठा टापटिपीचा दिसतो खरा, पण तो पुरावा पुसून टाकीत असतो. प्रामाणिक प्रयोगशाळा उणे आकडा उणेच लिहिते, त्याची अनिश्चितता शेजारी देते, आणि आपल्या यंत्राला किमान किती प्रमाण ओळखता येते तेही सांगते.

अमेरिकेत ही कामे संघसरकार आणि घटकराज्ये यांच्यात वाटलेली आहेत. १९५९ साली अणुऊर्जा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावरील देखरेखीचे काही अधिकार करार करून राज्यांकडे देण्याची सोय झाली. अणुभट्ट्यांचे नियमन मात्र संघसरकारच्याच हाती राहिले. असे असूनही भट्टीच्या कुंपणाबाहेरचे दूध, पाणी, माती आणि मासळी आपण स्वतः तपासावी, कंपनीच्या प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबू नये, ही वृत्ती अनेक राज्यांत, विशेषतः १९७९ च्या थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर, बळावली. इलिनॉय राज्याने तर त्यापुढच्याच वर्षी अणुसुरक्षेचे स्वतंत्र खातेच उभारले. मोजमापांच्या गुणवत्तेची हमी कशी राखावी यासंबंधीचे केंद्रीय नियामकांचे मार्गदर्शक सूत्र १९७७ सालीच निघाले होते. राज्यांच्या प्रयोगशाळांना गुप्त नमुने पाठवून त्यांची परीक्षा घेण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्था लास व्हेगासहून वर्षानुवर्षे करीत असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिने त्यातून अंग काढून घेतले आणि हे नमुने खासगी पुरवठादारांकडून विकत घेण्याची पाळी राज्यांवर आली. खर्चकपातीच्या दिवसांत कात्री प्रथम कोठे लागते, हे सरकारी अंदाजपत्रक पाहण्याची सवय असलेल्यांस सांगावयास नको. भट्टी दिसते, यंत्र दिसते, मंत्र्याला त्याचे उद्घाटन करता येते; कोऱ्या पाण्याने भरलेल्या भांड्याचे उद्घाटन आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या दुर्लक्षाचे फळ काय मिळते, हे त्याच मार्च २०११ मध्ये दिसून आले. अमेरिकाभर हवेतील किरणोत्सार टिपणारे पर्यावरण संरक्षण संस्थेचे जे केंद्रीय जाळे आहे, त्याचे १२४ संच त्या वेळी बसविलेले होते. फुकुशिमाच्या दिवशी त्यांपैकी २५ बंद पडलेले होते, आणि तेही सरासरी १३० दिवसांपासून, अशी नोंद त्या संस्थेच्याच महानिरीक्षकाने पुढील वर्षीच्या अहवालात केली. सुटे भाग मिळत नव्हते आणि दुरुस्तीच्या कंत्राटावर देखरेख नव्हती. हवेतील कण धरणारी गाळणी आठवड्यातून दोनदा बदलावी असा दंडक असता, महानिरीक्षकाने तपासलेल्या बारा संचांपैकी सहांची गाळणी आठ आठवड्यांहून अधिक काळ बदललेली नव्हती, आणि त्यांतील दोघांची तर तीनशेहून अधिक दिवस तशीच होती. हे संच स्वयंसेवी चालकांच्या हवाली होते, आणि त्यांना बोल लावणे सोपे आहे. पण ज्या कामाला पगार नाही, ज्याची कोणी विचारपूस करीत नाही आणि ज्यात चूक झाल्यास वर्षभर ती उघडकीसही येत नाही, ते काम इमानेइतबारे चालावे अशी अपेक्षा करणाऱ्या वरिष्ठांचा दोष आम्हांस अधिक वाटतो. वर्षभर जुन्या गाळणीवर त्या दिवशी काय सापडले असते आणि ते कोणत्या महिन्याचे म्हणावयाचे होते?

हलगर्जीपणाहून वाईट असे एक प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट येथे घडले. १९४६ च्या बिकिनी अणुचाचण्यांत सापडलेली जहाजे जेथे धुऊन काढण्यात आली, ती ही नौदलाची गोदी. पुढे तेथे घरे बांधण्याचे ठरल्यामुळे जमीन निर्दोष झाल्याचा दाखला हवा होता. सफाईचे काम केलेल्या कंत्राटी कंपनीच्या दोघा पर्यवेक्षकांनी संशयित जागेऐवजी स्वच्छ जागेची माती उचलून ती संशयित जागेची म्हणून पाठविली, आणि २०१८ साली त्यांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. हे बिंग फुटण्याची सुरुवात कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे: मातीतील नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यांची प्रमाणे त्या जागच्या आधीच्या नमुन्यांशी जुळेनात, आणि आकडे चाळताना ते नौदलाच्या ध्यानी आले. प्रयोगशाळेने मोजणी चोख केली होती. खोटी होती ती चिठ्ठी.

आता आपल्या घराकडे वळू. अणुऊर्जा हा विषय आपल्या राज्यघटनेने संघसूचीत घातला असल्यामुळे महाराष्ट्र राज्याला या क्षेत्रात स्वतःचे असे दप्तर नाही, आणि देशातील पहिले अणुवीजकेंद्र १९६९ पासून आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावर तारापूरला चालत आलेले असूनही या पोकळीची खंत राज्यकर्त्यांना कधी वाटलेली दिसत नाही. तारापूरच्या आसपासची मासळी, दूध, पाणी आणि भाजीपाला तपासणारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची आहे, तिचे शास्त्रज्ञ निष्णात आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस काहीएक कारण दिसत नाही. परंतु वीजकेंद्र चालविणारे महामंडळ अणुऊर्जा विभागाचे, परिसर मोजणारी प्रयोगशाळा त्याच विभागाची, किरणोत्साराच्या मोजमापांची देशातील मूळ प्रमाणे सांभाळणारी शाखाही भाभा केंद्रातच, आणि या सर्वांवर देखरेख करण्यासाठी १९८३ साली कार्यकारी हुकमाने स्थापिलेले नियामक मंडळ, ज्याच्या स्वायत्ततेतील उणिवांवर महालेखापालांनी २०१२ साली बोट ठेवले. असा हा सारा कारभार एकाच वाड्यात नांदत असताना बाहेरच्या माणसाने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे सांगणे अवघड होते.

मुंबईकरांना चेर्नोबिलनंतरचे आयरिश लोण्याचे प्रकरण आठवत असेल. १९८७ साली युरोपीय समुदायाकडून देणगीदाखल आलेले ते लोणी मुंबईच्या सरकारी दूधयोजनेत वापरले जाणार म्हणून नागरिक न्यायालयात गेले, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि १९८८ साली तज्ज्ञांच्या समितीचा अभिप्राय घेऊन न्यायालयाने तो निकालात काढला. समितीपुढचा प्रश्न असा होता की, ठरविलेल्या मर्यादेच्या आत किरणोत्सार असलेले खाद्यपदार्थ निर्धोक आहेत किंवा कसे. प्रश्न योग्यच होता. पण मर्यादेच्या आत आहे असे सांगणारे मोजमाप कोणी, कशावर पडताळून, कोणत्या अनिश्चिततेसह केले, हा त्याहून आधीचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत अजूनही यावा तसा आलेला नाही. आपण मर्यादेवर भांडतो आणि मापाकडे पाहत नाही.

जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाच्या बाबतीत तर या प्रश्नाला मुदत आहे. भट्टी सुरू होण्यापूर्वीचा परिसर कसा होता याची नोंद एकदाच करता येते; माडबनच्या कातळावरची आणि साखरी नाट्याच्या बंदरावरची मूळ मोजमापे सदोष राहिली, तर पन्नास वर्षांनी उद्भवणाऱ्या कोणत्याही वादात ना कोळ्यांना न्याय मिळेल ना वीजकेंद्राला निर्दोषपणा सिद्ध करता येईल. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. तारापूर व जैतापूर परिसरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ठरावीक नमुन्यांचा अर्धा भाग राज्यातील एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे जावा आणि तिला त्यासाठी यंत्र, मनुष्यबळ व कायमची तरतूद मिळावी. दोन्ही प्रयोगशाळांना गुप्त नमुने अणुऊर्जा विभागाबाहेरच्या संस्थेने पाठवावेत. आणि वार्षिक आकड्यांबरोबरच कोऱ्या, जोड व गुप्त नमुन्यांचे निकाल, नापास झालेले धरून, मराठीत प्रसिद्ध व्हावेत. राज्य सरकारने हे केंद्र सरकारकडे लेखी मागावे, आणि त्या पत्राची प्रत विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी.